स्विमिंग पूलच्या रिपोर्टमधला ‘पीएच’ आणि तो शोधणारे सोरेनसेन

रहाटणीतल्या सोसायटीच्या किंवा बंगल्याच्या स्विमिंग पूलचं पाणी तपासलं, की रिपोर्टमध्ये पीएच असतोच. हे माप जन्मलं चक्क बिअरवाल्यांच्या प्रयोगशाळेत!

सोरेन सोरेनसेन यांचा जन्म १८६८ मध्ये डेन्मार्कमधल्या शेतकरी कुटुंबात झाला. कोपनहेगनला ते डॉक्टर व्हायला गेले आणि रसायनशास्त्रात रमले. १९०१ मध्ये ते कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेच्या रसायन विभागाचे प्रमुख झाले. तिथे एन्झाइमवर काम करताना त्यांच्या लक्षात आलं, की द्रावणात एकूण आम्ल किती आहे यापेक्षा त्यातले हायड्रोजन आयन किती मोकळे आहेत, हे महत्त्वाचं. पण ते लिहायचे कसे? शुद्ध पाण्यासाठी ०.००००००१! १९०९ मध्ये त्यांनी या आकड्याचा फक्त घात उचलला: ७. झाला पीएच. त्यांच्या पत्नी मार्गरेट याही संशोधनात त्यांच्यासोबत होत्या. १९३८ पर्यंत ते याच पदावर राहिले आणि १९३९ मध्ये वारले.

घात असल्यामुळे ७ आणि ८ मध्ये फरक एकाचा नाही, दहापटीचा आहे. पूलसाठी ७.२ ते ७.८ योग्य. रिपोर्टवर क्लोरीन २ पीपीएम दिसलं, की आपण मुलांना बिनधास्त पाण्यात सोडतो. पण पीएच ८ असेल, तर त्यातलं जंतू झपाट्याने मारणारं क्लोरीन जेमतेम पाव उरतं, ७.५ ला ते निम्मं असतं. अशा वेळी आधी पीएच खाली आणावा लागतो. नुसती ब्लीचिंग पावडर ओतत राहिलं, तर ती स्वतःच अल्कधर्मी असल्याने पीएच आणखी चढतो.