वसईच्या भरतीची वेळ आणि लॉर्ड केल्विन यांचं मशीन

गिरीजहून खाली पाचूबंदरला गेलं की भरतीचा हिशोब आजही तिथीवर सांगणारे भेटतात. तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे साधारण सहाला पूर्ण भरती. मोबाईलवर मात्र मिनिटासकट वेळ आणि मीटरमध्ये उंची येते.

ही मिनिटं आली कुठून? तर शाळेत ज्यांच्या नावानं तापमानाचं एकक शिकवतात, त्या लॉर्ड केल्विन यांच्याकडून.

मूळ नाव विल्यम थॉमसन. जन्म २६ जून १८२४ चा, बेलफास्टचा. दहाव्या वर्षी ग्लासगो विद्यापीठात शिकायला, बाविसाव्या वर्षी तिथंच प्रोफेसर आणि पुढची ५३ वर्षं तीच खुर्ची. १८६६ मध्ये अटलांटिकच्या तळातून टेलिग्राफची केबल टाकण्यात मोठा वाटा होता, म्हणून 'सर' झाले. १८७० मध्ये पत्नी गेली आणि त्यांनी 'लाला रूख' नावाचं शिडाचं जहाज विकत घेतलं. गणित करणारा माणूस समुद्रावरच राहायला लागला म्हणा ना.

चंद्र-सूर्याच्या ओढीनं भरती येते हे न्यूटनपासून माहीत होतं. पण अमुक बंदरात किती वाजता, किती पाणी? ते समुद्राच्या खोलीवर, किनाऱ्याच्या आकारावर ठरतं, आणि ते सगळं कागदावर मांडणं अशक्य होतं.

१८६७ च्या सुमारास थॉमसन यांनी उलटा रस्ता धरला. तळ मोजू नका, बंदरातलं पाणी मोजा, शक्यतो वर्षभर, तासातासाला. मग त्या वेड्यावाकड्या रेषेतून एकेक लय सुटी करा. चंद्राची मुख्य लय १२ तास २५ मिनिटांची, सूर्याची १२ तासांची. दोन्ही जुळल्या की उधाण, एकमेकींच्या आड आल्या की भांग. अशा कितीतरी लयी. प्रत्येकीची उंची आणि उशीर बंदरागणिक वेगळा, पण त्या बंदरापुरता जवळपास कायम. हाच तो हार्मोनिक डेटा.

या लयींची बेरीज हातानं करणं म्हणजे डोक्याला ताप. म्हणून १८७२-७३ मध्ये त्यांनी मशीन बनवलं. एकेका लयीला एकेक पुली, सगळ्यांवरून एकच दोरी, दोरीच्या टोकाला पेन. दांडा फिरवला की पुढच्या भरत्या कागदावर उमटायच्या.

भारतीय बंदरांसाठी १८७९ मध्ये लंडनमध्ये एडवर्ड रॉबर्ट्स यांच्या देखरेखीखाली वेगळं मशीन तयार झालं. त्याच्या श्रेयावरून थॉमसन आणि रॉबर्ट्स यांचं चांगलंच वाजलं. मुंबईत अपोलो बंदरला पाण्याच्या नोंदी १८७८ पासून आहेत. आज तक्ते भारतीय सर्वेक्षण विभाग छापतो.

पण यात मेख आहे. आकडे जिथं पाणी मोजलं तिथलेच. उथळ खाडीत भरती चटकन चढते आणि ओहोटी रेंगाळते, त्यासाठी वेगळ्या लयी लागतात आणि त्या तिथंच मोजाव्या लागतात. गाळ साचला, भराव पडला की जुने आकडे चुकायला लागतात. शिवाय चंद्राची कक्षा १८.६ वर्षांत एक फेरा घेते, तिची दुरुस्ती वेगळी.

आणि वादळ तर या गणितात नाहीच. हवेचा दाब एक मिलिबार घटला की पाणी साधारण एक सेंटिमीटर वर येतं, वारा किनाऱ्याकडं असेल तर आणखी. वसईत उधाणाच्या वेळी मोठा पाऊस झाला तर नाल्यांचं पाणी मागं तुंबतं, ते तक्त्यात कुठंच दिसत नाही.

१८९२ मध्ये थॉमसन 'लॉर्ड केल्विन' झाले. १७ डिसेंबर १९०७ ला ते गेले, वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये न्यूटन यांच्याजवळ त्यांना पुरलं. पुली-दोरीची मशीनं पुढं कॉम्प्युटर येईपर्यंत चालली. ॲपमध्येही गणित तेच आहे, फक्त वेळेच्या वर कुठल्या बंदराचं नाव लिहिलंय तेवढं बघून घ्यावं.