ग्योम ड्युशेन

ग्योम-बेंजामिन-आमां ड्युशेन (जन्म : बुलोन-स्युर-मेर, फ्रान्स, १७ सप्टेंबर १८०६, मृत्यू : पॅरिस, सप्टेंबर १८७५) हे फ्रेंच वैद्यकतज्ज्ञ होते. मज्जासंस्था व स्नायू यांच्या विकारांच्या आधुनिक अभ्यासाचा पाया घालणाऱ्यांत त्यांची गणना होते. ड्युशेन स्नायुक्षय (ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी) हा आनुवंशिक आजार त्यांच्या नावाने ओळखला जातो.

जीवन

ड्युशेन यांचा जन्म दर्यावर्दी कुटुंबात झाला. पॅरिसमध्ये वैद्यकाचे शिक्षण घेऊन १८३१ मध्ये ते गावी परतले. बाळंतपणानंतर पत्नीचे निधन झाले आणि मुलगा अनेक वर्षे त्यांच्यापासून दुरावला. १८४२ मध्ये ते पॅरिसला गेले. तेथील रुग्णालयांत त्यांना अधिकाराचे पद नव्हते. विजेचे उपकरण सोबत घेऊन ते रुग्णालयांतून फिरत आणि एकेका रुग्णाचा दीर्घकाळ पाठपुरावा करीत. विख्यात वैद्य झां-मार्तँ शार्को त्यांना गुरू मानत. मुलगा एमिल पुढे वैद्य होऊन त्यांच्याकडे परतला, परंतु त्याचा मृत्यू ड्युशेन यांच्या हयातीतच झाला.

संशोधन

त्वचेवरून विजेचा सौम्य प्रवाह देऊन एकेक स्नायू वेगळा आकुंचित करण्याची पद्धत त्यांनी विकसित केली. तीवरील ग्रंथ १८५५ मध्ये प्रसिद्ध झाला. चेहऱ्यावरील भावांचा छायाचित्रांसह केलेला अभ्यास १८६२ मध्ये प्रकाशित झाला. त्यातील छायाचित्रे चार्ल्स डार्विन यांनी १८७२ च्या आपल्या ग्रंथात वापरली.

पोटऱ्या जाड दिसूनही पाय दुबळे होत जाणाऱ्या मुलांच्या आजाराचे वर्णन त्यांनी १८६१ मध्ये केले. त्या वेळी आजाराचे मूळ मेंदूत असावे, असे त्यांना वाटत होते. पुढे त्यांनी स्वतः तयार केलेल्या सुईने जिवंत रुग्णाच्या स्नायूचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. स्नायूतंतूंची जागा संयोजी ऊतक व चरबी घेत असल्याचे त्यात आढळले. त्यामुळे पोटरीचा जाडपणा फसवा असल्याचे स्पष्ट झाले. १८६८ मध्ये त्यांनी अशा १३ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. इंग्लंडमध्ये एडवर्ड मेरियन यांनी या आजाराचे वर्णन त्यापूर्वीच, १८५२ मध्ये, केले होते.

नंतरची प्रगती

या आजाराचे कारण असलेले एक्स गुणसूत्रावरील जनुक आणि त्यापासून बनणारे डिस्ट्रॉफिन हे प्रथिन १९८७ पर्यंत ओळखले गेले. हे प्रथिन नसल्यास आकुंचनाच्या ताणाने स्नायूतंतूंचे आवरण फाटते. मृत तंतूंभोवती रोगप्रतिकारक पेशी जमतात. दीर्घकाळ टिकणाऱ्या या दाहामुळे नव्या तंतूंची वाढ खुंटते आणि ड्युशेन यांना दिसलेले संयोजी ऊतक व चरबी वाढत जाते. म्हणूनच दाह कमी करणारी स्टेरॉइड औषधे आजही उपचारांत महत्त्वाची आहेत.

जनुकोपचारात निरुपद्रवी केलेल्या विषाणूमार्फत जनुक स्नायूंपर्यंत पोहोचवले जाते. डिस्ट्रॉफिनचे जनुक या विषाणूत मावत नसल्याने त्याची लहान आवृत्ती वापरतात. असा पहिला उपचार अमेरिकेत जून २०२३ मध्ये मंजूर झाला. तथापि विषाणूविरुद्ध शरीर प्रतिक्रिया देत असल्याने सोबत स्टेरॉइड द्यावे लागते, आणि प्रतिपिंडे तयार झाल्यामुळे हा उपचार पुन्हा देणे कठीण ठरते. २०२५ मध्ये, चालू न शकणाऱ्या दोन रुग्णांचा यकृत निकामी होऊन मृत्यू झाल्यानंतर अशा रुग्णांसाठी त्याचा वापर थांबवण्यात आला. नष्ट झालेला स्नायू या उपचाराने परत येत नाही. त्यामुळे निदान लवकर होणे महत्त्वाचे ठरते.