गजाननराव जोशी

पंडित गजानन अनंत जोशी (१९११ - १९८७), संगीतवर्तुळात गजाननबुवा जोशी, हे हिंदुस्तानी शास्त्रीय संगीतातील ख्यालगायक, व्हायोलिनवादक आणि गुरू होते. ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर-अत्रौली या तीन घराण्यांची तालीम त्यांनी रीतसर घेतली होती. व्हायोलिनला हिंदुस्तानी संगीताच्या मैफलीत स्वतंत्र वाद्याचा मान मिळवून देणाऱ्या पहिल्या पिढीतील वादकांत त्यांची गणना होते.

कुटुंब आणि संगीतशिक्षण

गजाननरावांचा जन्म मुंबईत झाला. त्यांचे वडील अनंत मनोहर ऊर्फ अंतूबुवा जोशी हे सातारा जिल्ह्यातील किन्हईचे. ख्यालगायकी महाराष्ट्रात रुजवणाऱ्या बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे ते शिष्य होते आणि मुंबईत त्यांनी गुरुसमर्थ गायन-वादन विद्यालय चालवले. साहजिकच गजाननरावांचे पहिले गुरू त्यांचे वडीलच होते, आणि ग्वाल्हेर परंपरेतील बंदिशींचा साठा त्यांना घरातूनच मिळाला. पुढे त्यांनी रामकृष्णबुवा वझे यांच्याकडेही शिक्षण घेतले.

एवढ्यावर न थांबता त्यांनी जयपूर-अत्रौली घराण्याची तालीम उस्ताद अल्लादियाखाँ यांचे पुत्र भुर्जीखाँ यांच्याकडे, तर आग्रा घराण्याची विलायत हुसेनखाँ यांच्याकडे घेतली. त्या काळात घराण्याची शिस्त कडक होती. एका घराण्याच्या गायकाने दुसऱ्या उस्तादांकडे शिकायला जाणे अनेकांना रुचत नसे, आणि उस्तादही बाहेरच्या शिष्याला सहजी चीज देत नसत. शिवाय या तीन गायकींचा स्वभाव एकमेकींपासून बराच वेगळा आहे. ग्वाल्हेर गायकीत बंदिशीची स्वच्छ मांडणी आणि सरळ, भरीव तान यांना महत्त्व असते. आग्रा गायकी नोमतोम आलाप, बोलबनाव आणि लयीशी चालणारा खेळ यांसाठी ओळखली जाते, तर जयपूर गायकी आकारातील अखंड आलापी, वक्र फिरत आणि अनवट व जोड राग यांसाठी. गजाननरावांनी या तिन्हींची खिचडी होऊ दिली नाही, ही त्यांच्या गायनातील विशेष नोंदवण्यासारखी बाब आहे. राग आणि बंदिश ज्या परंपरेची, तिच्या चालीनेच ती मांडण्याकडे त्यांचा कटाक्ष असे.

व्हायोलिनवादन

व्हायोलिन हे मूळचे युरोपीय वाद्य. कर्नाटक संगीताने ते एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी बाळुस्वामी दीक्षितर यांच्या काळात स्वीकारले आणि साथीचे प्रमुख वाद्य बनवले. गोव्यात ते त्याहूनही आधीपासून चर्चमध्ये आणि चर्चलगतच्या शाळांमध्ये शिकवले जात होते. मांडो या गीतनृत्यप्रकारात व्हायोलिन, गिटार आणि घुमट यांची साथ एकत्र ऐकायला मिळते. गोव्यातून आलेल्या वादकांमुळे मुंबईतही हे वाद्य लग्नसमारंभांत, नृत्यगृहांत आणि पुढे चित्रपटांच्या वाद्यवृंदांत सर्रास वाजू लागले. ख्यालाच्या बैठकीत मात्र साथ सारंगीची किंवा हार्मोनियमची असे. व्हायोलिनकडे तेथे दीर्घकाळ परके वाद्य म्हणून पाहिले गेले.

हा दुरावा कमी करण्यात गजाननरावांच्या पिढीचा वाटा मोठा आहे. व्हायोलिनवर पडदे नसतात, त्यामुळे बोट न उचलता एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येते. मींड, आंदोलन आणि श्रुतींचे बारीक भेद यांसाठी हा गुण नेमका उपयोगाचा आहे. भारतीय वादक मांडी घालून बसतात, वाद्याचे निमुळते टोक उजव्या पावलावर टेकवतात आणि दुसरी बाजू छाती-खांद्याशी आधारतात. डावा हात असा वाद्य पेलण्याच्या जबाबदारीतून मोकळा झाला की लांब मींड घेणे सोपे जाते. पाश्चात्त्य संगीतातील तारांची जुळणीही बदलून ती षड्ज-पंचमाला अनुसरून केली जाते.

गजाननराव मुळात गायक असल्याने त्यांच्या वादनाचा पाया गायकीचाच होता. गायक जेथे श्वास घेतो तेथे गज उलटतो. गजाचा दाब आणि लांबी यांवर स्वराचा लगाव अवलंबून असतो. व्हायोलिनवर शब्द उच्चारता येत नाहीत, तरी चीज माहीत असलेल्या श्रोत्याला मुखड्यावरून ती ओळखता आली पाहिजे, अशी गायकी अंगाची अपेक्षा असते. लयीवरील पकड ही त्यांच्या गायनाची आणि वादनाची समान खूण मानली जाते. तबल्याशी होणारा संवाद, अनपेक्षित जागेवरून घेतलेली तिहाई आणि समेवर येताच श्रोत्यांतून उमटणारी दाद हा बैठकीतील आनंद त्यांच्या कलेचा गाभा होता. असा आनंद ध्वनिमुद्रणात पूर्णपणे उतरत नाही. त्यांची व्यापारी ध्वनिमुद्रणे तुलनेने थोडी असल्यामुळे त्यांची कीर्ती सर्वसामान्य श्रोत्यांपेक्षा जाणकार आणि कलावंत यांच्यात अधिक राहिली.

आकाशवाणी

गजाननरावांनी आकाशवाणीच्या विविध केंद्रांवर काम केले. व्हायोलिनच्या प्रसारात आकाशवाणीच्या एका वादग्रस्त निर्णयाचाही अप्रत्यक्ष हातभार लागला. हार्मोनियमवर मींड आणि सूक्ष्म श्रुती निघत नाहीत या कारणास्तव १९४० मध्ये नभोवाणीवर त्या वाद्याला बंदी घालण्यात आली, आणि ती १९७१ पर्यंत कमीअधिक प्रमाणात टिकली. हार्मोनियमवादकांवर हा अन्यायच होता. साथीची जी जागा रिकामी झाली, तिचा लाभ मात्र सारंगी आणि व्हायोलिन यांना मिळाला.

अध्यापन आणि शिष्यपरिवार

उत्तरायुष्यात त्यांचे वास्तव्य डोंबिवली येथे होते. तेथे त्यांनी अनेक शिष्यांना तालीम दिली. उल्हास कशाळकर, अरुण कशाळकर, पद्मा तळवलकर, वीणा सहस्रबुद्धे, शुभदा पराडकर आणि जयश्री पाटणेकर हे गायक-गायिका त्यांच्याकडे शिकले. यांपैकी उल्हास कशाळकर यांच्या गायनात तिन्ही घराण्यांची वेगवेगळी मांडणी आजही ऐकायला मिळते.

ही नावे प्रामुख्याने गायनक्षेत्रातील आहेत. व्हायोलिनमधील त्यांचे सर्वांत नावाजलेले शिष्य गोव्याचे श्रीधर पार्सेकर हे होते. त्यांचे गुरूंच्या हयातीतच अकाली निधन झाले आणि गजाननरावांच्या व्हायोलिनपरंपरेची मोठी हानी झाली. त्यानंतर ही परंपरा मुख्यतः घरातच, पुत्र मधुकर जोशी यांच्याकडे राहिली. महाराष्ट्रात जन्मलेले वि. गो. जोग आणि द. के. दातार यांनी पुढे व्हायोलिनला देशभर लोकप्रियता मिळवून दिली, परंतु त्यांची तालीम वेगळ्या गुरूंकडे झाली होती.

१९७२ मध्ये गजाननरावांना संगीत नाटक अकादमी पुरस्कार प्रदान करण्यात आला.

औंध संगीत महोत्सव

जोशी कुटुंबाचा औंध संस्थानाशी जुना संबंध होता. तेथील अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी हे कलांचे आश्रयदाते होते. अंतूबुवांनी आपले आध्यात्मिक गुरू शिवानंद स्वामी यांच्या स्मरणार्थ १९४० मध्ये औंध येथे संगीतोत्सव सुरू केला. संस्थाने विलीन झाली, राजाश्रय संपला, तरी उत्सव खंडित होऊ नये म्हणून वडिलांच्या पश्चात गजाननरावांनी त्याची धुरा सांभाळली. मोठ्या शहरापासून दूर असलेल्या या गावी कलावंत आणि श्रोते आजही जमतात. १९८७ मध्ये गजाननरावांचे निधन झाल्यानंतर त्यांचे कुटुंबीय आणि शिष्य यांनी हा महोत्सव चालू ठेवला.