श्री भगवान नित्यानंद : अल्प चरित्र

भिवंडी तालुक्यातील गणेशपुरी हे क्षेत्र ज्यांच्या वास्तव्याने सर्वदूर ख्यात झाले, त्या भगवान नित्यानंद यांचे बालपण केरळातील कोयिलांडी येथे गेले. तेव्हा त्यांचे नाव रामन होते. तरुण वयातच ते भ्रमणास निघाले. पुढे कान्हनगड येथे त्यांनी जांभ्या दगडात ध्यानासाठी गुहा कोरवून घेतल्या.

१९२०च्या दशकात मंगळूर येथे भावावस्थेत त्यांच्या मुखातून जे बोल निघत, ते तुळसीअम्मा प्रभृती भक्तांनी कानडीत टिपून ठेवले. तोच ‘चिदाकाश गीता’ हा ग्रंथ होय. त्यात भर आहे तो आसनांवर नव्हे, श्वासावर. श्वास अंतर्मुख झाला की चंचल मन त्याच्या मागोमाग आत वळते, प्राण सुषुम्नेतून ऊर्ध्वगामी होतो आणि ध्यान सहज लागते, असा त्यांचा बोध आहे. श्वासाकडे दुर्लक्ष करून ध्यानास बसणे त्यांना मान्य नव्हते.

१९३६च्या सुमारास ते तानसा नदीच्या परिसरात, त्या काळी अरण्यात असलेल्या भीमेश्वर महादेव मंदिरानजीक, उष्ण कुंडांपाशी येऊन राहिले. बोलणे अत्यल्प असे. बहुतेक जण प्रापंचिक गाऱ्हाणी घेऊन येत. ध्यानाची वाट विचारणारे थोडेच. आजही कुंडस्नान व दर्शन उरकून पुष्कळ भाविक गाडीची वेळ गाठतात, हे खेदाने नमूद करावेसे वाटते. समाधीसमोर पाठ सरळ ठेवून, डोळे मिटून, श्वासाकडे लक्ष देत पंधरा मिनिटे तरी अवश्य बसावे.

बाबांनी ८ ऑगस्ट १९६१ रोजी गणेशपुरीतच देह ठेवला.