वातारासेकाठचा वेडा

तानाका शोझो हे नाव आपल्याकडे फारसे कुणाला ठाऊक नाही. जपानमध्ये मात्र ते शाळेच्या पुस्तकात आहे. १८४१ साली तोचिगी भागातल्या कोनाका गावी, गावप्रमुखाच्या घरी ते जन्मले आणि १८९० मध्ये जपानच्या पहिल्यावहिल्या संसदेत निवडून गेले. त्याच वर्षी वातारासे नदीला मोठा पूर आला.

पूर शेतकऱ्यांना नवा नव्हता. डोंगरातला गाळ ही त्यांची फुकटची खतावणी होती. या गाळाने मात्र उभे पीक मारले. नदीच्या वरच्या अंगाला, आशिओला, फुरुकावा इचिबेई यांची तांब्याची खाण होती. खाणीसाठी झाडे तुटली, भट्ट्यांच्या गंधकी धुराने उरलेली करपली, बोडके डोंगर पावसात वाहू लागले आणि तांबे मिसळलेला गाळ शेतांत येऊन बसला. त्या तांब्यातून देशाला परकीय चलन मिळत होते. म्हणून खाण बंद करणे कुणाला नको होते.

माझा जन्म बँकेत कर्जाचे कागद तपासण्यात गेला, म्हणून या कथेतला एक कागद मला फार बोचतो. खाणमालकाने किरकोळ रकमा देऊन शेतकऱ्यांच्या सह्या घेतल्या. पुढे तर कायमची तक्रार न करण्याच्या अटीवर. त्या खात्याचे तेव्हाचे मंत्री मुत्सु मुनेमित्सु यांचा मुलगा फुरुकावांना दत्तक गेलेला. तपासणारा आणि ऋणको एकाच घरातले, असा तो व्यवहार!

१८९१ पासून तानाका संसदेत हाच प्रश्न विचारत राहिले. १९०० मध्ये टोकियोकडे निघालेल्या शेतकऱ्यांना पोलिसांनी कावामाताला झोडपले. १९०१ मध्ये तानाकांनी खासदारकी सोडली आणि १० डिसेंबरला अर्ज हातात धरून ते सम्राट मेइजींच्या बग्गीकडे धावले. सरकारने त्यांना वेडा ठरवून सोडून दिले. खटला भरण्यापेक्षा ते सोयीचे होते, असे मला वाटते.

मग सरकारने तोडगा काढला तो खाणीवर नव्हे, पुरावर. पुराचे पाणी साठवायला यानाका गाव उठवायचे ठरले. १९०४ मध्ये तानाका त्याच गावात राहायला गेले. १९०६ मध्ये गाव दप्तरातून पुसले गेले, १९०७ मध्ये उरलेली सोळा घरे पाडली गेली. कित्येक कुटुंबे दूर होक्काइदोला गेली; तिथल्या वस्तीलाही त्यांनी तोचिगी हेच नाव दिले. ४ सप्टेंबर १९१३ रोजी तानाका वारले, तेव्हा जवळ एक थैली होती. तिच्यात बायबलचा नवा करार, देशाची राज्यघटना, रोजनिशी आणि नदीकाठचे काही गोटे.

खाण १९७३ मध्ये बंद पडली. यानाकाच्या जागी आज सुमारे ३३ चौरस किलोमीटरांचे पाणथळ रान आहे. २०१२ मध्ये रामसर यादीत त्याची नोंद झाली. वेताळ गवत डोक्याच्या वर जाते, करकोचे घरटी करतात. ते सौंदर्य खरेच आहे. पण हे रान कुणाच्या जमिनीवर उगवले, हे विसरून ते पाहता येणार नाही. जपानी लोकांनी तिथे गावचे देऊळ आणि थडगी यांची जागा राखून ठेवली आहे. पक्षी पाहायला जाणाऱ्याने आधी तिथे थांबावे.