विहीर, प्लायवूड आणि कान्टोरोविच

आमचं शेत देऊळगाव राजाजवळ. रब्बीत विहिरीचं पाणी मोजकंच. गव्हाला किती, कांद्याला किती, हरभऱ्याला किती, हे कोडं बाबांना दरवर्षी पडतं.

ओ.आर. शिकताना कळलं, असंच कोडं १९३८ मध्ये लेनिनग्राडला एका प्लायवूड उद्योगाने गणिती लिओनिद कान्टोरोविच यांना घातलं होतं. यंत्रं आठ, लाकडाचे प्रकार पाच. कशावर काय चालवलं तर माल जास्तीत जास्त निघेल?

१९१२ मध्ये जन्मलेले कान्टोरोविच चौदाव्या वर्षी विद्यापीठात गेले, बाविसाव्या वर्षी प्रोफेसर झाले. प्लायवूडचं उत्तर त्यांनी १९३९ च्या पुस्तिकेत मांडलं. आपण घोकतो ती डान्टझिगची सिम्प्लेक्स पद्धत आली १९४७ मध्ये!

त्यांच्या गणितातून प्रत्येक अपुऱ्या साधनाची किंमत निघायची, म्हणजे आपली शॅडो प्राइस. पण सोव्हिएत विचारात मूल्य फक्त श्रमाचं. स्टालिनच्या काळात असं लिहिणं धोक्याचं होतं. १९४२ मध्ये लिहिलेलं पुस्तक छापून यायला १९५९ उजाडलं. तरी त्यांनी गणित सोडलं नाही. १९७५ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल कूपमन्सबरोबर विभागून मिळालं. १९८६ मध्ये ते गेले.

बाबा शेजारचा तुकडा बटईने घ्यायचं म्हणत होते. सुट्टीत आम्ही वही घेऊन बसलो. रब्बीत आपलीच जमीन पडीक राहते, म्हणजे जमिनीची शॅडो प्राइस शून्य! खरी किंमत पाण्याची. बाबांनी तुकडा सोडला, विहिरीतला गाळ काढायला घेतला.

मित्रांनो, ओ.आर. फक्त मार्कांपुरतं नाही बरं का!