अहिल्यादेवी होळकर: हाती दौलत, गळ्यात एक लहानशी माळ

सोलापूरच्या विद्यापीठाला ज्यांचं नाव दिलंय, त्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं चित्र आठवा. पांढरी साडी, डोक्यावर पदर, हातात शिवपिंडी. राज्यकर्ती असूनही अंगावर दागिने का नाहीत?

१७२५ मध्ये चौंडीत जन्मलेल्या अहिल्यादेवींचे पती खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरच्या वेढ्यात मारले गेले. सासरे मल्हाररावांनी त्यांना सती जाऊ दिलं नाही. पण विधवेने रंगीत वस्त्रं आणि दागिने सोडायचे, हा रिवाज त्यांनी पाळला. गळ्यात तेवढी एक लहानशी माळ राहिली, असं जॉन माल्कमने १८२३ च्या ग्रंथात नोंदवलंय.

१७६७ मध्ये मुलगा मालेराव गेला आणि कारभार त्यांच्याकडे आला. महेश्वरात त्यांनी विणकरांना आश्रय दिला. तिथल्या साड्या आजही नावाजल्या जातात, पण त्यांचा स्वतःचा वेश पांढराच राहिला.

दागिने सोडणं रिवाजाचं होतं. खासगीचा पैसा कुठे लावायचा, हे मात्र त्यांनी ठरवलं. काशी विश्वनाथ आणि सोमनाथची मंदिरं, देशभरातले घाट, विहिरी, धर्मशाळा त्यातून उभ्या राहिल्या. सोलापूर जिल्ह्यात पंढरपूरला गेलात, तर चंद्रभागेकाठचा होळकर वाडा नक्की बघा.

१३ ऑगस्ट १७९५ रोजी त्यांचं निधन झालं.